न भरणारी जखम आणि उचलीचा हिशेब

कर्करोग म्हटला म्हणजे शरीराच्या आत कोठेतरी दडून बसलेला, यंत्रांच्या साहाय्याशिवाय हाती न लागणारा शत्रू, असे चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. जठराचा, फुप्फुसाचा किंवा यकृताचा कर्करोग पुष्कळदा असाच असतो आणि तो उशिरा कळला तर त्याचा दोष रुग्णाला देता येत नाही. त्वचेच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. तो अंगावर, उघड्यावर वाढतो. अंघोळीच्या वेळी रोज हाताला लागतो. घरच्या माणसांना दिसतो. त्याच्या निदानासाठी प्रारंभी लागते ती पाहणारी नजर आणि मसुरीच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा. तो लहान असतानाच काढला तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रुग्ण बरे होतात. असे असूनही आपल्या ग्रामीण भागात हा रोग डॉक्टरांपुढे येतो तो अनेकदा वर्ष-दोन वर्षे चिघळल्यानंतर. जो रोग सर्वांआधी दिसतो तोच दवाखान्यात इतक्या उशिरा का पोचावा, हा प्रश्न एकट्या वैद्यकशास्त्राचा नव्हे. बीडसारख्या जिल्ह्यात तर त्याचे निम्मे उत्तर अर्थशास्त्रात शोधावे लागते.

गोऱ्यांचा रोग?

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. युरोप, अमेरिका व विशेषतः ऑस्ट्रेलिया येथील गौरवर्णीयांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग त्वचेचाच असतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे त्याचे मुख्य कारण होय. आपल्या त्वचेतील मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य या किरणांना बरेचसे अडवून धरते. त्यामुळे भारतातील एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा शेकडा एक-दोनच्या आसपासच राहतो. मात्र वाटा लहान म्हणून रोग क्षुल्लक ठरत नाही. 'आपल्याला हा होत नाही' या समजामुळेच तो ओळखला जात नाही, आणि ओळखला न गेल्यामुळे एरवी आटोक्यात येणारा हा रोग आपल्याकडे अकारण घातक होतो.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन आहेत. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी असलेल्या पेशींपासून होणारा तो तळपेशींचा कर्करोग. डॉक्टर मंडळी त्याला बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. पाश्चात्त्य देशांत हाच सर्वाधिक. तो बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूला किंवा पापणीवर येतो, अतिशय सावकाश वाढतो आणि शरीरात दूरवर क्वचितच पसरतो. परंतु वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर नाक, पापणी, प्रसंगी डोळाही कुरतडून टाकतो. दुसरा प्रकार वरच्या चपट्या पेशींपासून होणारा, ज्याला स्क्वेमस सेल कार्सिनोमा असे नाव आहे. भारतात सामान्यतः हा अधिक आढळतो. याची वाढ अधिक वेगाने होते आणि जवळच्या लसिकाग्रंथींत, म्हणजे काखेतल्या वा जांघेतल्या गाठींत, तो शिरू शकतो. तिसरा मेलॅनोमा. तो सर्वांत विरळ, पण सर्वांत घातक. आपल्याकडे तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली काळ्या डागाच्या रूपाने दिसतो.

यांपैकी दुसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष देण्याचे कारण असे, की आपल्याकडे तो नुसत्या उन्हामुळे होतो असे नाही. जी त्वचा वर्षानुवर्षे दुखावली गेली आहे तेथे तो मूळ धरतो. भाजल्याचा जुना वण, पायावरची कधीच नीट न भरलेली जखम, कुष्ठरोगात तळपाय बधिर झाल्यामुळे पडलेला व्रण, हाडापर्यंत पोचलेला वाहता नासूर, अशा जागी वीस-तीस वर्षांनंतरही कर्करोग उद्भवू शकतो. झाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ मध्ये जुन्या वणांतील अशा व्रणांचे वर्णन केले. आजही हा व्रण त्याच्याच नावाने ओळखला जातो. तो नेहमीच्या प्रकारापेक्षा अधिक आक्रमक असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. याचा अर्थ प्रत्येक जखमेतून कर्करोग निघतो असा मुळीच नाही. बहुसंख्य जखमा भरतात आणि विसरल्या जातात. प्रश्न आहे तो न भरणाऱ्या जखमेचा.

धोतर, लुगडे आणि खानोलकर

कर्करोगाचा माणसाच्या व्यवसायाशी संबंध असतो, हे जगाच्या प्रथम ध्यानात आले तेही त्वचेच्याच कर्करोगामुळे. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या पोरांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो व त्याचे कारण तेथे साचून राहणारी काजळी हे आहे, असे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे या विचाराला पुढे नेण्याचे श्रेय एका मराठी संशोधकाकडे जाते. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि तेथील विकृतिशास्त्र विभागाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये एका अमेरिकी नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय लोकांच्या रीतिरिवाजांचा कर्करोगाशी असलेला संबंध हा होता. धोतर कमरेला रोज त्याच जागी घट्ट आवळल्याने तेथील त्वचा प्रथम रंग बदलते, नंतर जाड व खरखरीत होते, भेगाळते, आणि कित्येक वर्षांनी काहींना तेथे कर्करोग होतो, असे निरीक्षण त्यांनी मांडले. 'धोतराचा कर्करोग' हे नाव वैद्यकीय वाङ्मयात तेव्हापासून रूढ झाले.

हा इतिहास जुना झाला असे कोणास वाटत असेल, तर २०२४ मधील एक नोंद पाहावी. 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या ब्रिटिश नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवर परकराच्या नाडीच्या जागी दीड वर्ष न भरलेला व्रण होता. दुसरी लुगडे नेसणारी. परकराशिवाय, कमरेभोवती घट्ट आवळलेले लुगडे ती चाळीस वर्षे वापरत आली होती आणि तिचा व्रण दोन वर्षांचा होता. दोघींच्याही व्रणांत चपट्या पेशींचा कर्करोग निघाला. दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील ग्रंथीपर्यंत पोचला होता. येथे दोष लुगड्याला देण्याचे कारण नाही. कोट्यवधी स्त्रिया ते नेसल्या आणि त्यांना काहीही झाले नाही. गाठ थोडी सैल ठेवावी, नाडी रुंद असावी, तिची जागा बदलत राहावी, कमरेवरचा चट्टा खाजू वा सोलवटू लागला तर काही दिवस सैल कपडे वापरावेत, एवढे केले तरी पुरे. खरा दोष आहे तो दीड-दोन वर्षांच्या कालावधीचा. व्रण अंगावर असताना हा काळ गेला कोठे?

भाजल्याच्या वणांबाबतही तेच म्हणावे लागेल. चुलीवर, स्टोव्हवर किंवा उकळत्या पाण्याने भाजण्याचे प्रसंग आपल्या घरांत काही कमी होत नाहीत. खोल भाजलेल्या जागी वेळेवर मांडीची वगैरे त्वचा काढून बसवली, तर ती जागा नीट भरते आणि पुढे तेथे कर्करोग होण्याचा संभव फार घटतो. परंतु त्वचारोपण हे गावातल्या दवाखान्यात होत नाही. मग जखम महिनोन्‌महिने आपोआप आवळत, ओढत भरते. वण ताणलेला, पातळ राहतो. हालचालीबरोबर फुटतो, पुन्हा खपली धरतो, पुन्हा फुटतो. गुडघ्यामागे, घोट्यापाशी, कोपराच्या लवणीत असे वण घेऊन पुष्कळ माणसे आयुष्यभर वावरत असतात. त्या वणावर एखाद्या वेळी उठलेला फुलकोबीसारखा कोंब त्यांना नवीन वाटत नाही, कारण ती जागा नेहमीच त्रास देत आलेली असते.

ओळखावे कसे?

ओळखण्याच्या खुणा सामान्य माणसाला समजतील इतक्या सोप्या आहेत. पहिली व सर्वांत महत्त्वाची खूण काळाची: कोणतीही जखम, फोड किंवा व्रण तीन-चार आठवड्यांत भरून आला नाही, तर तो तपासून घ्यावा. दुसरी खूण काठाची. साध्या जखमेचा काठ आत उतरत जातो आणि तांबूस कोवळी त्वचा मध्याकडे सरकते. कर्करोगाच्या व्रणाचा काठ उचललेला, टणक, बाहेरच्या बाजूस वळलेला असतो. तिसरी, थोड्याशा स्पर्शाने रक्त येणे, दुर्गंधी सुटणे, खपली पडून पुन्हा पुन्हा त्याच जागी धरणे. चौथी, जुन्या वणात झालेला बदल: नवा कोंब, नवी गाठ, पूर्वी नसलेली वेदना. चेहऱ्यावर मोत्यासारखी चकाकणारी किंवा काळपट पुटकुळी हळूहळू वाढत असेल आणि तिच्या मध्यभागी खळगा पडून खपली धरत असेल, तर ती चामखीळ समजून सोडून देऊ नये. आपल्या वर्णाच्या लोकांत तळपेशींचा कर्करोग पुष्कळदा असा काळपटच दिसतो. पायाच्या तळव्यावरचा काळा डाग पसरू लागला, त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, तर तो काटा मोडल्याचा डाग आहे असे गृहीत धरणे धोक्याचे. व्रणाबरोबर जांघेत किंवा काखेत अवधाण आले आणि ते उतरेना, तर तेही डॉक्टरांना सांगितले पाहिजे. ज्यांच्या त्वचेत व केसांत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांना मात्र उन्हाचाच मोठा धोका असतो. त्यांनी अंगभर कपडे, टोपी यांचा आश्रय लहानपणापासून घेतला पाहिजे.

या खुणा दडवून ठेवणारे काही शेजारी आहेत. त्वचेत अद्याप खोल न शिरलेला कर्करोग लालसर, खवलेदार चट्ट्याच्या रूपात राहतो आणि नायटा किंवा इसब म्हणून त्यावर महिनोन्‌महिने मलम चोळले जाते. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज तेवढी थांबवतात, आणि खाज थांबली म्हणजे रोग गेला असे वाटते. हळद, चुना, झाडपाला यांचे लेप हेही तसेच. या उपायांनी कर्करोग होतो असे कोणी म्हणणार नाही. ते वेळ खातात, हीच त्यांची हानी.

तुकड्याची भीती

निश्चित निदान होते ते तुकडा काढूनच. यालाच बायॉप्सी म्हणतात. जागेवर भुलीची सुई देऊन व्रणाच्या काठाचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा घेतला जातो, तो फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवला जातो आणि विकृतिशास्त्रज्ञ त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. दहा-पंधरा मिनिटांचे काम. रुग्ण पायी आला तसा पायी घरी जातो. व्रण मोठा व जुना असेल, तर एकाहून अधिक जागांचे तुकडे घेणे इष्ट असते. पहिल्या अहवालात काही निघाले नाही आणि तरीही जखम भरली नाही, तर पुन्हा तुकडा घ्यावा, हा नियम रुग्णानेही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

'लोखंड लागले की रोग पसरतो' ही भीती खेड्यापाड्यांतून खोलवर रुजलेली आहे. तिच्या मुळाशी अनुभव आहे, पण त्याचा अर्थ चुकीचा लावलेला आहे. ज्यांचा तुकडा काढला ते फार उशिरा आलेले होते, म्हणून पुढे दगावले. पाहणाऱ्यांनी मृत्यूचा संबंध चाकूशी जोडला. त्वचेच्या या कर्करोगांत लहानसा तुकडा काढल्याने रोग पसरतो, असे मानण्यास आधार नाही.

उपचारही वेळीच केले तर साधे आहेत. गाठ तिच्या सभोवतीच्या काही मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढून टाकणे हा मुख्य उपाय. काढलेल्या भागाच्या कडा निर्दोष आहेत की नाहीत, हे तपासले जाते. चेहऱ्यासारख्या नाजूक जागी थर काढत, प्रत्येक थर तेथल्या तेथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत फ्रेडरिक मोझ या अमेरिकी डॉक्टरने १९३० च्या दशकात काढली. ती मोठ्या शहरांतील मोजक्या ठिकाणी उपलब्ध असते. वयोवृद्ध किंवा शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णांना किरणोपचार देता येतात. परंतु व्रण हाडापर्यंत गेला, ग्रंथींत उतरला, म्हणजे हिशेब पालटतो. मग मोठी शस्त्रक्रिया, त्वचारोपण, जांघेतील गाठी काढणे, पाच-सहा आठवडे रोजचे किरणोपचार, प्रसंगी पाय कापणे. जे काम अर्ध्या तासात भुलीच्या एका सुईवर झाले असते, त्यासाठी महिने लागतात आणि यशाची खात्रीही उरत नाही.

खाड्याचे अर्थशास्त्र

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एवढे सोपे असताना उशीर का होतो? 'लोकांचे अज्ञान' हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते दिल्यावर दुसऱ्या कोणाला काही करावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील माणसाचे वर्ष कसे जाते, हे पाहिले तर वेगळे चित्र दिसते. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी अशा डोंगराळ व अवर्षणग्रस्त तालुक्यांतून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतली जाते. तिचा आकडा जोडीमागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याच्याही वर जातो. ती बहुधा आधीच्या देण्यात, लग्नकार्यात वा घरखर्चात संपलेली असते आणि पुढचे पाच महिने ती फेडण्यात जातात. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर पाचशे रुपये वा अधिक दंड कापला जातो, असे २०१९ मध्ये या प्रश्नाची चर्चा झाली तेव्हा अनेक मजूर स्त्रियांनी सांगितले होते.

अर्थशास्त्रात वैकल्पिक परिव्यय नावाची एक साधी कल्पना आहे. एखादी गोष्ट करताना जे दुसरे सोडावे लागते, ती तिची खरी किंमत. सरकारी रुग्णालयात बायॉप्सी जवळजवळ फुकट होत असली, तरी ती मजुराला फुकट पडत नाही. समजा, एखाद्या स्त्रीच्या पोटरीवरचा भाजल्याचा जुना वण दिवाळीत फुटला. दाखवायला एक खेप, तुकडा द्यायला दुसरी, अहवाल आणायला तिसरी. जोडीतील एक जण गेला की कोयताच बंद पडतो, म्हणजे तीन पूर्ण खाडे. दंडाचेच दीड हजार, शिवाय तीन दिवसांची दोघांची मजुरी, एस.टी.चे भाडे, आणि परक्या जिल्ह्यात रुग्णालय शोधण्याची दगदग. हा खर्च आजचा आणि निश्चित. रोगाचा धोका उद्याचा आणि अनिश्चित. जखम तर दुखतही नाही, कारण हा व्रण प्रारंभी बहुधा दुखत नाहीच. अशा स्थितीत ती स्त्री 'हंगाम संपल्यावर बघू' असे म्हणते, तेव्हा तिच्यापुढे ठेवलेल्या आकड्यांचा ती बरोबर हिशेब करीत असते. तिचे गणित चुकत नाही; तिच्यापुढे ठेवलेले आकडेच अन्यायाचे आहेत. हंगाम संपतो तोवर पाच महिने उलटलेले असतात, आणि चपट्या पेशींच्या कर्करोगाला पाच महिने पुष्कळ होतात.

या खाड्याच्या गणिताचे दुसरे रूप साऱ्या देशाने पाहिले आहे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यामागे जी कारणे सांगितली गेली, त्यांत पाळीच्या दिवसांतील खाडे टाळण्याचे दडपण हे एक होते. पुढे अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक करण्यात आली. ज्या हिशेबाने तेथे नको ती शस्त्रक्रिया घडवून आणली, तोच हिशेब येथे हवी ती शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतो. रोग दोन, पण शरीराचा निर्णय दोन्हीकडे उचलीच्या वहीत होतो. म्हणूनच त्वचेच्या कर्करोगाला किरकोळ विषय समजून चालणार नाही. जो रोग उघड्या डोळ्यांना दिसतो तोही वेळेवर दाखवता येत नसेल, तर न दिसणाऱ्या रोगांचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

बार्शीचा धडा

हे बदलता येते की नाही, याचे उत्तर शेजारीच आहे. बीडच्या दक्षिणेला धाराशिव जिल्हा ओलांडला की बार्शी लागते. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू झाली. अशी नोंदणी देशात प्रथम तेथेच झाली. नोंदणी करणारे कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतील गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कर्करोगाच्या खुणा सांगितल्या आणि संशयित रुग्णांना तपासणीसाठी आणले. परिणाम असा झाला, की गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला; त्याची नोंद १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कोणतीही महागडी यंत्रे न आणता, केवळ माहिती आणि पायपीट यांच्या जोरावर दुष्काळी मुलखात हे साधले. गर्भाशयमुखाचा न दिसणारा कर्करोग जर असा लवकर सापडू शकतो, तर पोटरीवरचा व्रण न सापडण्याचे कारण नाही.

बीड जिल्ह्याजवळ साधने नाहीत असेही नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकापासून उभे आहे. ग्रामीण भागासाठी म्हणून मुद्दाम काढलेली ही संस्था. तेथे शल्यचिकित्सक आहेत, त्वचारोगतज्ज्ञ आहेत, विकृतिशास्त्र विभाग आहे. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखालील संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला आणि कर्करोगावरील उपचार त्या योजनेत बसतात. उणीव आहे ती आष्टीच्या वाडीवरचा व्रण आणि अंबाजोगाईचा सूक्ष्मदर्शक यांच्यामधल्या रस्त्याची. योजना शस्त्रक्रियेचे पैसे भरते. खाड्याचे भरत नाही.

तेव्हा उपाय शोधायचा तो खेपा कमी करण्याचा. फॉर्मालिनमधील तुकडा कित्येक दिवस टिकतो. मग रुग्णाने दीडशे किलोमीटर जाण्याऐवजी बाटलीने प्रवास का करू नये? तालुक्याच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात, रुग्ण प्रथम येईल त्याच दिवशी तुकडा घ्यावा, बाटली अंबाजोगाईला जावी आणि अहवाल दूरध्वनीवरून कळावा. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत नेण्याची व्यवस्था महाराष्ट्रात काही वर्षांपासून चालू आहे. तिच्यात एका बाटलीची भर पडेल, एवढेच. तीन खाड्यांचा एक झाला, तर कितीतरी माणसांचा हिशेब बदलेल.

दुसरा उपाय वेळेचा. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर ऊसतोड मजुरांची आरोग्य तपासणी व्हावी, ही गोष्ट २०१९ नंतर तत्त्वतः मान्य झालेली आहे. त्या तपासणीत रक्तदाब, रक्त पाहिले जाते. त्याचबरोबर 'अंगावर महिन्याहून जुनी जखम आहे काय, भाजल्याचा वण फुटतो काय' हे दोन प्रश्न विचारावेत आणि पाय, कंबर, चेहरा नजरेखालून घालावा. यासाठी एक मिनिट पुरे. आशा कार्यकर्तीला हे शिकवण्यास एक दुपार लागेल. दिवाळीपूर्वी सापडलेला व्रण दिवाळीपूर्वीच काढता येतो आणि मजूर निर्धास्तपणे कारखान्यावर जाऊ शकतो. तिसरा उपाय पैशाचा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले असून, गाळपाच्या प्रत्येक टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याचे ठरले आहे. निदानासाठी वा शस्त्रक्रियेसाठी पडलेला खाडा या निधीतून भरून द्यावा आणि तो दंड म्हणून मुकादमाने कापू नये, असा नियम करावा. त्यावर होणारा खर्च एका उशिरा आलेल्या रुग्णाच्या शस्त्रक्रियेपुढे व किरणोपचारांपुढे किरकोळ ठरेल.

राहिला प्रश्न गावातील शिकल्यासवरल्या माणसांचा. शाळेतील शिक्षक, ग्रामपंचायतीचा कारकून, सुट्टीत घरी आलेला महाविद्यालयीन विद्यार्थी यांना रोगनिदान करावयाचे नाही. परंतु चार आठवड्यांत न भरलेली जखम दाखवलीच पाहिजे, ही एक ओळ ते वर्गात, चावडीवर, घरात सांगू शकतात. योजनेला लागणारी कागदपत्रे, शिधापत्रिका व ओळखपत्र, हंगामाला निघण्यापूर्वी जुळवून ठेवण्यास मदत करू शकतात. कारण पुष्कळदा रुग्ण रुग्णालयाच्या दारातून परततो तो कागदासाठी, आणि परतलेला रुग्ण पुन्हा येतो तो पुढच्या वर्षी. घरातल्या आजीच्या कमरेवरचा किंवा आजोबांच्या पायावरचा व्रण लाजेमुळे कोणी दाखवीत नाही. तो विचारून पाहणे हे नातवंडांचे काम आहे.

यंदाचाही हंगाम सुरू होताना बीडच्या रस्त्यांवरून ट्रॅक्टर निघतील. त्यांत भांडीकुंडी, पोरेबाळे, शेळ्या यांच्याबरोबर काही न भरलेल्या जखमाही जातील. त्या निघण्यापूर्वी तपासल्या जाव्यात, यासाठी लागणारे ज्ञान १९४५ पासून आपल्याजवळ आहे, रुग्णालये आपल्याजवळ आहेत, पैशाची तरतूदही कागदावर आहे. दिवाळीपूर्वीचे दोन महिने प्रत्येक वर्षी हाती असतात. ते वापरावयाचे की नाहीत, हा निर्णय मजुराच्या हाती फारसा नाही. तो जिल्हा प्रशासनाच्या, कारखान्यांच्या आणि गावातील जाणत्या माणसांच्या हाती आहे.